कुंभारणीची खोली

खिडकीच्या चौकटीला, वरच्या कोपऱ्यात, ती उलटी लोंबकळत असायची... पिवळ्या-काळ्या अंगाची, दोऱ्याएवढ्या कंबरेची कुंभारीण माशी. तोंडात ओल्या मातीचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा, आणि तो गोळा भिंतीला थापताना तिच्या अंगातून निघणारी ती बारीक, सलग गुणगुण. खाली, अर्धी खोली झाडून झालेली, झाडू तसाच हातात धरून कुसुमकाकू उभी. कार्तिकातलं कोवळं ऊन तिच्या कपाळावर पडलेलं, मान वर, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणी घरचंच माणूस लांबच्या गावाहून आलंय. आज इतक्या वर्षांनी ती गुणगुण कुठेही कानावर पडली की मला पहिल्यांदा काकूची ती वर केलेली मान आठवते, आणि लगेच तोंड कडू होतं.

कडू का, ते सांगायला हवं. कुंभारीण ज्या खोलीत मातीचं घर बांधते त्या खोलीत पाळणा हलतो, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून ते मातीचं घर कुणी मोडायचं नाही. बांधून पुरं झालं की खाली भिंतीवर हळदीकुंकवाचं बोट ओढायचं, आणि दिवाळीच्या आधी घराला चुना देताना तेवढी जागा वगळून ब्रश फिरवायचा. काकूची खोली त्यामुळे आगळीच दिसायची. नीळ घातलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर ठिकठिकाणी जुन्या पिवळ्या रंगाचे तुकडे राहिलेले, प्रत्येक तुकड्याच्या मधोमध मातीचा एक वाळका गोळा, त्याखाली हळदीकुंकवाची पुसट रेघ. नवा पाहुणा त्या भिंतीकडे पाहून विचारायचा, हे काय? आणि घरातलं कुणीतरी मोठ्या उत्साहाने समजूत सांगायचं. काकू तेवढ्यात चहा टाकायला निघून गेलेली असायची.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत आमचं घर होतं. तेव्हा तिथं घरांपेक्षा मोकळी जागाच जास्त. बाबा शाळेत शिक्षक, मधले काका कचेरीत कारकून, धाकटे काका नोकरीच्या शोधात; आणि या तिघा भावांवर, त्यांच्या बायकांवर आणि माझ्यासारख्या चिल्लीपिल्लीवर राज्य करायला आत्याबाई. बाबांची ही थोरली बहीण तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. आत्याबाईंचा शब्द खाली पडत नसे. त्या दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. आजारपणात रात्र रात्र उशाशी बसायच्या. पण घरात कुणाचं किती महत्त्व, हे ठरवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि मधल्या काकांच्या बायकोचं, कुसुमकाकूचं महत्त्व त्यांनी दरवर्षी थोडं थोडं कमी करत आणलं होतं. काकूला मूल नव्हतं.

काकूचं खरं घर मागच्या अंगणात होतं. तिच्या खिडकीच्या अगदी समोर वालाचा मांडव. त्याच्या पलीकडे वांगी, मिरच्या, टमाटे—आम्ही त्यांना भेदरंच म्हणायचो—आणि नळाखालच्या कायम ओल्या जागेत सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पावसाळा सरताना त्या अंगणाला एक वास यायचा... ओल्या मातीचा, भांडी घासायच्या राखेचा, चुरगळलेल्या टमाट्याच्या पानांचा आणि या सगळ्यांवर तरंगणारा वालाच्या जांभळ्या फुलांचा मंद, गोडसर वास. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी आधी तिकडे पळायची. काकू उकिडवी बसून पानं उलटून पाहत असायची. मिरचीच्या शेंड्यांवर मावा बसला की ती राख भुरभुरायची, पण त्या शेंड्यावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा दिसला की राखेचा हात मागे घ्यायची. “याले हात नोको लावू, बेबी. हा मावा खाते. आपलं काम करून राह्यला बिचारा,” असं सांगायची.

आणि कुंभारीण तर तिची जिवाभावाची मैत्रीणच. मांडवाखाली बसून आम्ही तिची वाट पाहायचो. वालाच्या पानाआडची हिरवी अळी आम्हाला शोधूनही सापडत नसे, हिला नेमकी सापडायची. झडप घालून ती अळीला डंख करी, मग तिला पोटाशी धरून, ओझ्याने जरा खाली-वर होत, सरळ काकूच्या खिडकीतून आत जाई, आणि मातीच्या त्या इवल्या मडक्यात अळी कोंबी.

“मारते का गं काकू ती अळीले?” मी विचारलं होतं.

“मारत नाई. गुंगी देते निस्ती. अंदर तिचं अंडं हाय ना, त्यातून लेकरू निंघते, थे मंग ह्या अळ्या खाते. शिळं नाई घालत थे आपल्या लेकरायले. ताजं ठेवते, पायजो तू.”

हे सांगताना तिच्या आवाजात निव्वळ कौतुक असायचं. आपल्या पोटी काही नाही म्हणून दुसऱ्या कुणाच्या घरट्याकडे जळून पाहावं, हे तिच्या गावीही नव्हतं. मडक्याला गोल भोक पाडून नवी कुंभारीण बाहेर पडली की ती मला हाक मारायची, “बेबी, धाव, इचं झालं पाय!” आणि शेजारणीच्या बाळंतपणाची बातमी सांगावी तशी दिवसभर खुशीत असायची. तिच्या वालावर आजूबाजूच्या घरांपेक्षा शेंगा जास्त लागत, किडक्या कमी निघत. सगळ्या गल्लीत त्या शेंगा वाटल्या जात. त्याच गल्लीतल्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे येऊन, काकूच्या हातचा तिळगूळ तोंडात असतानाच, एकमेकींना म्हणायच्या, “कुंभारीनबी थकली वं येऊन येऊन, पन कुसुमचं काही होत नाई.” हळू आवाजात म्हणायच्या, पण इतक्याही हळू नाही की मला ऐकू येऊ नये. मग काकूला काय येत नसेल? ती ताट घेऊन पुढच्या बाईकडे वळायची.

दवाखान्याचा विषय घरात कधीच निघाला नाही असं नाही. काकूला बायकांनी इकडे-तिकडे नेलं, काढे पाजले, उपास करायला लावले. काकांना मात्र कुणी कुठे नेलं नाही. आई एकदा भीत भीत म्हणाली होती की दोघांनीही दाखवावं. काका पायात चपला सरकवून तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला नाक्यावर निघून गेले, आणि आत्याबाईंनी आईशी दोन दिवस अबोला धरला. त्यावर पुन्हा कुणी ब्र काढला नाही. दोष भिंतीवरच्या त्या बोटांच्या रेघांसारखा काकूच्या खोलीत मांडून ठेवलेला होता, सगळ्यांना दिसेल असा.

धाकट्या काकांना नोकरी लागली, लग्न झालं, नवी काकू घरात आली. ती नागपूरची, हसरी, मच्छर चावला तरी घाबरणारी. त्याच वर्षीच्या दिवाळीआधीची एक सकाळ मला स्वच्छ आठवते. ओसरीवर चुन्याची बादली, निळीची पुडी, बाबांचा आणि मधल्या काकांचा चहा चाललेला, काकांच्या हातात पेपर. काकूच्या खोलीत नुकतंच नवं मातीचं घर आकाराला येत होतं, आणि आत्याबाई ते पाहून बाहेर आल्या.

“कुसुम,” त्या म्हणाल्या, “थे खोली यंदा नवीले देऊन टाक.”

काकूच्या हातात चुन्याचा ब्रश होता. तिला आधी कळलंच नाही.

“इतके वर्सं कुंभारीन येऊन राह्यली, तिचं येनं वाया चाल्लं. तुले नाई फळलं, तिले तरी फळू दे. तुम्ही दोघं मांगच्या टिनाच्या खोलीत राहा. पोर झालं का पुन्हा बदलून घेऊ.”

मागची टिनाची खोली म्हणजे सरपण आणि मोडक्या सायकली ठेवायची जागा. काकू नवऱ्याकडे पाहत राहिली. पेपर काही खाली येईना.

“तुम्ही काऊन बोलत नाई?” शेवटी तिने विचारलं.

“बाई म्हनते त्यात वावगं काय हाय?” पेपराच्या मागून उत्तर आलं. “खोली खोलीच असते.”

बाबांनी बशीत चहा ओतला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत वळली. इतकी शिकली-सवरली माणसं एका माशीच्या भरवशावर एका बाईला तिच्या खोलीतून उठवत होती, आणि चहा मात्र गार होऊ नये म्हणून सगळे घाईने पीत होते. मला आजही त्या सकाळचा राग येतो. काकू रडली नाही. ब्रश बादलीत उभा करून ती एवढंच म्हणाली, “खोली घ्या. पन खिडकी बंद नोका करू. तिचं घर अर्धंच झालं हाय, थे अंदर-बाहेर करून राह्यली अजून.”

सामान हलवायला अर्धा दिवसही लागला नाही. एक पत्र्याची पेटी, पलंग, देवाचा फोटो, बियाण्यांचे डबे. आणि त्याच आठवड्यात नव्या काकूला मच्छर चावतात म्हणून खिडकीला बारीक जाळी ठोकली गेली. मुद्दाम कुणी काही केलं नाही, केवळ आठवण कुणी ठेवली नाही. मी अंगणातून पाहिलं... कुंभारीण पोटाशी अळी धरून आली, जाळीवर आपटली, बाजूला झाली, पुन्हा आली, पुन्हा आपटली. आतल्या भिंतीवर तिचं उघड्या तोंडाचं मडकं तसंच होतं, आणि त्याच्याखाली, पुरं व्हायच्या आधीच ओढलेलं हळदीकुंकू मात्र अगदी ताजं. काकू मांडवाखाली बसून शेंगा तोडत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि टोपली उचलून ती दुसऱ्या बाजूला गेली.

पुढच्या वर्षी त्या खोलीत पाळणा हलला. मयूर झाला. गोरा, गुबगुबीत, सगळ्या घराचा लाडका. बारशाला आलेल्या प्रत्येक बाईला आत्याबाई ते वाळकं मडकं दाखवत होत्या. पंगतीला वालाची भाजी होती, काकूच्या मांडवावरची, आणि वाढणाऱ्याला लोक थांबवून थांबवून पुन्हा मागत होते. बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा काकू हात पुसत दारापर्यंत आली. आत्याबाई अगदी मायेनं म्हणाल्या, “कुसुम, भाजीकडे पाय वं, बुडाले लागन.” भाजी कधीच उतरवलेली होती. काकू परत चुलीपाशी गेली आणि भाजीच्या रिकाम्या गंजात उलथणं फिरवत बसली. पाळण्याची गाणी संपेपर्यंत तो आवाज मला ऐकू येत होता.

खोली अर्थातच परत मिळाली नाही. आधी बाळ लहान होतं, मग त्याचा अभ्यास होता. टिनाच्या खोलीतला वैशाख कसा असतो हे ज्यांनी वर्ध्याचा उन्हाळा काढलाय त्यांनाच कळेल. दुपारी पत्रा तडतड वाजायचा, भिंतीला पाठ लावता येत नसे, आणि काकू ओलं पोतं दारावर टाकून त्याच्या ओल्या तागाच्या वासात पडून राहायची. मयूर दोनेक वर्षांचा झाला तेव्हाच्या हिवाळ्यात त्या खोलीच्या लाकडी दांडीवर कुंभारीण आली. मी धावत देवघरातून करंडा आणला. काकूने माझं मनगट धरलं.

“नोको लावू.”

“काऊन?”

“हे भविष्य सांगाले नाई येत, बेबी. वालावर अळ्या हायेत, नळाखाली चिखल हाय, अन् माही खिडकी मांडवाच्या समोर होती, म्हनून येत होती थ्या खोलीत.” तिने बाहेर मांडवाकडे बोट केलं. “मांडव माहा. पानी म्या टाकलं. अन् त्याच्यावरच खोली गेली माही.”

मी तेव्हा जेमतेम दहावीत असेन. जे मला कळलं ते इतकं साधं होतं, की घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ते सुचू नये याचीच चीड आली. तिने आयुष्य ओतून ते अंगण जितंजागतं ठेवलं, म्हणून कुंभारीण तिच्याकडे आली. आणि कुंभारीण आली म्हणून तिला तिथून उठवलं. तिने वांझोटी बाग ठेवली असती तर खोली तरी राहिली असती.

मग मी शिकायला नागपूरला गेले, तिथेच नोकरी, तिथेच संसार. आत्याबाई गेल्या, मधले काका गेले, माझे आईबाबाही गेले. घरावर मजला चढला, जमिनीला चकचकीत फरशी आली, मागच्या अंगणाचा बराचसा भाग गाडी उभी करायला सिमेंटखाली गेला. किडे होऊ नयेत म्हणून पाठीवर टाकी घेतलेला माणूस ठरल्या वेळी येऊन कोपऱ्याकोपऱ्यात फवारून जातो. त्याने मच्छर काही हटत नाहीत, पण तो लाल पाठीचा किडा गेला, चतुर गेले, पावसाळ्यातल्या फुलपाखरांचं तर सोडाच. उरली टिनाची खोली आणि तिच्यापुढे कुंपणाला लागून एक चिंचोळी पट्टी, जिथे काकू अजून वाल लावते. फवारणीवाल्याला ती तिथे पाऊल ठेवू देत नाही. तिच्यासाठी मी अजूनही भाऊबीजेला बोरगावला जाते. माहेर म्हणायला तेवढंच आहे.

यंदाही गेले. मयूरला ओवाळून झालं, आणि मी काकूच्या पलंगावर पाय वर घेऊन गप्पा मारत बसले होते. दांडीवर नुकतंच बंद केलेलं एक मडकं, शेजारी दुसरं अर्धवट. तेवढ्यात धाकटी काकू, तेव्हाची ती नवी काकू, आत आली. आता तिचेही केस पांढरे झालेत. मागे मयूरची बायको श्वेता. लग्नाला काही वर्षं झाली आहेत, मूल नाही. धाकट्या काकूच्या हातात चांदीचा करंडा होता.

“जाऊबाई, तुमच्याकडे आली म्हनतात यंदा कुंभारीन,” ती वर पाहत गोड आवाजात म्हणाली. “आमच्याकडे तर फिरकतच नाई. मी म्हनत होती, काही दिवस पोरं इथं झोपतीन. तुम्ही समोर हॉलमधी या ना, दिवान टाकून देतो. पंखा हाय, टीव्ही हाय.”

श्वेता फरशीकडे पाहत होती. बाहेर मयूर मोबाइलमध्ये मान घालून उभा. ऐकू सगळं येत होतं त्याला. ओसरीवरचा तो पेपर मला जसाच्या तसा दिसला.

काकू उठली. कोपऱ्यातलं खुरपं घेतलं. पत्रा इतका खाली आहे की तिचा वाकलेला हातही दांडीपर्यंत पोचतो. काय करते आहे हे कळायच्या आत तिने बंद मडक्याखाली खुरप्याचं पातं घातलं आणि जोर दिला. कवचासारखी माती फुटली आणि फरशीवर चार-सहा हिरव्या अळ्या पडल्या, गुंगीत, जेमतेम हलणाऱ्या.

“पाय पोरी,” काकू श्वेताला म्हणाली. “अळ्या हायेत. माह्या वालावरच्या. पाळना नाई याच्यात.” मग दाराकडे वळून तिने मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात हाक मारली, “मयूर! अंदर ये. दवाखान्यात जाजा दोघंही. तू पयले.”

मयूर आत आला नाही. धाकटी काकू करंड्याचं झाकण लावत, “सनासुदीचं काय केलं हे जाऊबाई,” असं पुटपुटत निघून गेली, आणि तिच्यामागे तोही. श्वेता मात्र जागची हलली नाही. काकू खाली बसली आणि मातीचे तुकडे एकेक करून पदरात गोळा करू लागली. त्यात एक पांढुरका, तांदळाएवढा जीव होता; तो तिने बोटाच्या टोकावर घेतला.

“आयुष्यात एकबी मोडलं नोतं मी,” ती म्हणाली. “हे लेकरू होतं वं इचं...”

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं. श्वेता तिच्याजवळ सरकून बसली. थोड्या वेळाने खिडकीतून कुंभारीण आत आली, तोंडात ओल्या मातीचा गोळा. दांडीवरच्या त्या मोकळ्या, गोल डागाभोवती ती चाचपडत राहिली, मिशांनी माती हुंगत, इकडून तिकडे. शेजारच्या अर्धवट मडक्यालाही गोळा न लावता ती परत गेली. काकूने पदराने तोंड पुसलं आणि खिडकीचं मिटू पाहणारं फळकूट वीट लावून उघडं ठेवलं.

परत आल्यावर आठवड्याने मी फोन केला. मयूर दवाखान्यात गेला का, असं विचारलं. “मले कोन सांगते?” काकू म्हणाली. मग मी विचारलं, कुंभारीण पुन्हा आली का. पलीकडे कुठेतरी लांब नळ वाहत होता.

“नाई आली अजून,” ती म्हणाली. “खिडकी उघडीच हाय.”